सोड्याची बाटली आणि झाडाचं आळं

प्रति,
मा. पर्यावरण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय: शीतपेयांच्या बाटल्यांवरचं डिपॉझिट आणि रस्त्याकडेची झाडं

सप्रेम नमस्कार.

गिरगावात आमचा सोड्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक खोली, गॅसचा सिलिंडर, गार पाण्याची टाकी आणि बाटल्या भरायचं मशीन. पोट सोड्यावरच असल्यामुळे त्याच्याविरुद्ध मी लिहिणार नाही. मागणी एकच आहे. २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत पेट बाटलीवर, म्हणजे शीतपेयाच्या नेहमीच्या प्लास्टिकच्या बाटलीवर, परतीची किंमत छापून ती परत घेण्याची तरतूद होती. आमच्या गल्लीतल्या एकाही काउंटरवर ती मला दिसत नाही. शीतपेयांच्या छोट्या बाटल्यांपासून तिची सुरुवात करा. आता यात झाडं कुठून आली, ते सांगतो.

सोडा करणं सोपं. पाणी गाळायचं, चांगलं गार करायचं आणि दाबाखाली त्यात कार्बन डायऑक्साइड सोडायचा. पाणी जितकं गार, तितका गॅस जास्त मुरतो. खरी करामत बाटलीत. गोटीच्या बाटलीचं पेटंट हायरम कॉड नावाच्या इंग्रजाने १८७२ मध्ये घेतलं. ती उलटी धरून भरतात. गोटी आपल्या वजनाने तोंडाशी येते आणि आतला दाब तिला रबरी रिंगवर घट्ट बसवतो. बूच नाही, झाकण नाही. ही बाटली आतल्या सोड्यापेक्षा महाग पडते, म्हणून आम्ही ती नजरेआड होऊ देत नाही. गिऱ्हाईक काउंटरलाच उभं राहून पितं, ढेकर देतं, बाटली क्रेटमध्ये ठेवून जातं. उरलंसुरलं आमच्या मोरीत.

पेट बाटली मात्र गिऱ्हाइकासोबत चालू लागते. कधी तिचा तळ बघा, पाच फुगीर पाय असतात. सपाट तळ ठेवला तर गॅसच्या दाबाने तो बाहेर येईल आणि बाटली उभी राहणार नाही. इतकी अक्कल तळात घातली, पण रिकामी झाल्यावर ती जाणार कुठे याचा विचार कुणी केला नाही. चर्नी रोड स्टेशनपर्यंत पोचेस्तोवर पेय कोमट होतं, गॅस उडतो, चव जाते. मग ते ओतायचं कुठे? फुटपाथभर पेव्हर ब्लॉक. उघडी माती एकाच जागी, झाडाच्या आळ्यात.

लोकांना वाटतं, पाणीच तर आहे, झाडाला बरंच. काही जण सोड्याने झाड जोमाने वाढतं असंही छातीठोक सांगतात. झाड कार्बन डायऑक्साइड घेतं ते मुख्यतः पानांच्या छिद्रांतून. मुळाशी ओतलेल्या सोड्यातला गॅस बघता बघता हवेत जातो आणि मागे राहतं ते बाकीचं. कोलाच्या २५० मिलिलिटरमध्ये साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे सहा चमचे. ती झाडाच्या कामाची नाही, झाड आपली साखर पानात स्वतः करतं. काकडीला मीठ लावलं की पाणी सुटतं, तसंच मातीत साखर किंवा मीठ साठलं की मुळांना पाणी ओढणं जड जातं. वर मुंग्या आणि बुरशी येतात त्या वेगळ्या. कोलाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, अडीचच्या आसपास, जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. त्यातल्या फॉस्फोरिक आम्लात झाडाला लागणारा फॉस्फरस असतो, पण म्हणून कोला खत होत नाही. आमचा मसाला सोडाही निर्दोष नाही. त्यातल्या मिठाचं सोडियम मातीत साठत गेलं, तर चिकणमातीचा पोत मोडतो, पाणी झिरपेनासं होतं.

एका बाटलीने झाड मरत नाही, हे कबूल. पावसाळ्यात तर सगळं धुऊन जातं. पण आमचा धंदा तेजीत असतो मार्च ते मे, नेमका पाऊस नसतो तेव्हा. आमच्या नाक्यावरच्या सोनमोहोराचं आळं बघा. वर काळपट, चिकट पापडी, तिच्यात दाबलेली झाकणं, कडेने मुंगळ्यांची रांग. त्या झाडाचे हाल फक्त सोड्याने झाले असं मी म्हणत नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट आहे, केबलसाठी मुळं तोडली आहेत. आधीच अर्धमेलं झालेल्याच्या मुळाशी आपण आणखी हे ओततो.

‘इथे ओतू नये’ अशा पाट्या लावून मुंबईत काय होतं, ते आपण जाणताच. बाटलीवर पैसे अडकले तर माणूस ती काउंटरला परत आणेल, निदान कुणीतरी गोळा करून आणेल. उरलेलं पेय आम्ही मोरीत ओतू.

परतीच्या बाटल्यांसाठी दुकानात दोन क्रेट ठेवायची आमची तयारी आहे. जागा आमची. पण त्या बाटल्या कंपनी किती दिवसांनी उचलणार आणि गिऱ्हाइकाला आम्ही दिलेले पैसे आम्हाला कोण, केव्हा चुकते करणार, हे आदेशात स्पष्ट लिहून द्या.

आपला,
गिरगावातला एक सोडावाला