पेन्सिलीने लिहिलेल्या वेळेबद्दल आभार

१९९९ च्या उन्हाळ्यात द्रास, काकसर आणि बटालिकच्या पलटणींबरोबर असलेल्या आर्मी मेडिकल कोअरच्या सर्व नर्सिंग असिस्टंट बंधूंना,

सप्रेम नमस्कार.

कारगिलचा विषय निघाला की तोलोलिंग, टायगर हिल, पॉइंट ४८७५ ही नावं ओठांवर येतात, आणि ती यायलाच हवीत. त्या प्रत्येक चढाईच्या मागे कुठेतरी खडकाच्या आडोशाला आरएपी, म्हणजे रेजिमेंटल एड पोस्ट होती. तिथे आरएमओ साहेब, म्हणजे पलटणीचे डॉक्टर, आणि त्यांच्या हाताखाली तुम्ही. जखमींची पुढची शुश्रूषा करणारे आम्ही तुमचं काम उलट्या टोकाकडून वाचतो. माणूस आमच्यापर्यंत श्वास घेत पोहोचला, याचा अर्थ वर अंधारात कोणीतरी दहा गोष्टी योग्य क्रमाने केलेल्या असतात.

आधी त्या दिवसांबद्दल, जेव्हा गोळी चालत नव्हती. त्या दिवसांचं काम कोणी मोजत नाही. द्रास गावच साधारण १०,८०० फुटांवर, माथे त्याहून पाच-सहा हजार फूट वर. नियमाप्रमाणे हवामानाची सवय व्हायला ९ ते १२ हजार फुटांवर ६ दिवस, १५ हजारांपर्यंत आणखी ४ आणि त्यावर पुन्हा ४ दिवस लागतात. लढाईने तेवढी सवड दर वेळी दिली नाही. म्हणून सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून दाखवायला, न आलेल्या जवानावरही तुमची नजर असायची. काल पुढे चालणारा आज मागे का रेंगाळतोय? रात्री कोरडा खोकला, आडवं पडवत नाही, बसल्या जागी धाप म्हणजे हॅपो, उंचीमुळे फुफ्फुसात पाणी भरणं. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते, लगेच खाली उतरवायचं, तोवर ऑक्सिजन. हॅपो बॅग, म्हणजे रुग्णाला आत ठेवून हवेचा दाब वाढवायची पिशवी, असली तरी पायपंप सतत मारत राहावा लागतो, कारण पंप थांबला की आतली हवा बदलत नाही आणि रुग्ण आपल्याच उच्छ्वासात घुसमटतो.

तीच गोष्ट पाण्याची. १५,००० फुटांवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे दिसले म्हणून कात्री-फोर्सेप्स निर्जंतुक होत नाहीत, प्रेशर कुकर लागतो. ओले मोजे शर्टाच्या आत, अंगाला लावून वाळवायला तुम्ही लावलंत. कित्येकांची बोटं त्यामुळे वाचली असतील.

आता जखमांकडे. प्रत्येक जवानाजवळ फर्स्ट फील्ड ड्रेसिंग, म्हणजे जखमेवर बांधायची तयार पट्टी, असतं आणि जखमीला त्याचंच ड्रेसिंग वापरायचं, आपलं नाही, कारण आपलं आपल्याला लागू शकतं. बडीने, म्हणजे जोडीदार जवानाने, घाईत बांधलेली पट्टी तुम्ही सोडत नव्हता. रक्त झिरपलं तर तिच्यावरच दुसरी, दाबून. छातीतून हवा ओढणाऱ्या जखमेवर ड्रेसिंगचंच वेष्टण तीन बाजूंनी चिकटवलेलं. सलाइनची बाटली तासन्‌तास तुमच्या कोटाच्या आत, कारण गार सलाइन शिरेत गेलं की अंग आणखी थंड पडतं, आणि थंड अंगातलं रक्त नीट गोठत नाही. मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंब न दिसताही लिटरभर रक्त आत साठतं. म्हणूनच ओरडणाऱ्याच्या आधी गप्प पडलेल्याकडे जायची तुमची सवय आम्हाला मोलाची वाटते.

मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहायला हवं. थंडीने आणि रक्तस्रावाने गारठलेल्या माणसाच्या स्नायूत टोचलेलं मॉर्फिन जागच्या जागी पडून राहतं, कारण तिथे रक्तच फिरत नसतं. वेदना थांबत नाही, जखमी हात धरून विनवतो, आणि दुसरी सुई द्यावीशी वाटते. ती दिली, तर काही तासांनी खाली ऊब आणि सलाइन मिळाल्यावर दोन्ही डोस एकदम रक्तात उतरतात आणि श्वास मंदावत थांबतो. ही चूक वर होते आणि तिचं फळ खाली दिसतं. तिला अडवणारी गोष्ट एकच, मॉर्फिन दिल्याची खूण म्हणून कपाळावर लिहिलेला ‘एम’ आणि गळ्यातल्या कार्डावर डोस व वेळ. थंडीत बॉलपेनची शाई चालत नाही, म्हणून पेन्सिल. प्रकाश दिसला तर तोफगोळा येतो, म्हणून कांबळ्याखाली टॉर्च. अशा हातांनी लिहिलेले चार आकडे पुढचा प्रत्येक डॉक्टर आधी वाचतो. रक्तस्राव थांबवायला हातापायाला आवळायच्या पट्टीचं, टूर्निकेटचंही तसंच. दोन तासांपुढे स्नायू मरू लागतात, त्यामुळे ती केव्हा आवळली हे माहीत असल्याशिवाय सर्जनला निर्णय घेता येत नाही.

मग उतरण. चौघांचं स्ट्रेचर, बदलीला आणखी चौघे, उतारावर पाय पुढे, दोर मागे. एडीएस, म्हणजे खालचं पुढचं उपचार केंद्र, तिथून सर्जिकल सेंटर, हेलिकॉप्टर मिळालं तर श्रीनगरचं ९२ बेस हॉस्पिटल.

त्या वाटेचं शेवटचं टोक कित्येकदा आपल्या पुण्यात असतं. अवयव गमावलेले सैनिक १९४४ पासून चालू असलेल्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये येतात, कण्याला इजा झालेले खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये. कमरेखाली संवेदना गेलेल्या माणसाला पाठीखाली खडा टोचतोय हे कळत नाही. कडक स्ट्रेचरवर दोनेक तासांत तिथली कातडी मरायला लागते, आणि तो व्रण भरायला महिने जातात. म्हणून मणक्याच्या जखमीला तिघा-चौघांनी आकडे मोजत एकाच वेळी, ओंडक्यासारखा एकसंध वळवायचा, आणि स्ट्रेचरवर ठेवण्याआधी त्याचे मागचे खिसे रिकामे करायचे: काडतूस, चमचा, घरच्या पत्राची घडी. वरून गोळे पडत असताना ज्यांनी ते खिसे आठवणीने तपासले, आणि पत्राची घडी त्याच्याच छातीच्या खिशात सरकवली, त्या तुमचे मनापासून आभार.

आपले ऋणी,
जखमींची पुढची शुश्रूषा करणारे आम्ही सर्व