मांसाहारी म्हणजे ‘कार्निव्होरा’ नव्हे

महोदय,

जुन्नरच्या बिबट्यांवरील आपल्या लेखात ‘कार्निव्होरा’ म्हणजे मांस खाणारे सगळे प्राणी असे म्हणून त्यात मगर आणि घारही बसवली आहे. तसे नाही. ‘कार्निव्होरा’ हे सस्तन प्राण्यांच्या एका गणाचे नाव आहे, आहाराचे वर्णन नव्हे. पुण्यातल्या जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर वावरणारे उदमांजर फळांवर ताव मारते, पांडा बांबूवर जगतो. तरी दोघेही याच गणातले. मगर शुद्ध मांसाहारी, पण गणाबाहेर. खूण दातांत असते: वरची शेवटची उपदाढ आणि खालची पहिली दाढ कात्रीच्या पात्यांसारखी एकमेकींवरून सरकतात. बिबट्यात ती धारदार, अस्वलात आणि पांडात बोथट झालेली.

शब्दाची फोडही लेखात अर्धवट आहे. लॅटिन ‘कारो’, षष्ठीत ‘कार्निस’, म्हणजे मांस. मूळ अर्थ कापून काढलेला वाटा. ‘व्होरारे’ म्हणजे नुसते खाणे नव्हे, गिळणे. गंमत म्हणजे आपले ‘गिळणे’ त्याच्याच मुळाचे. संस्कृतात ‘ग’ असतो तिथे लॅटिनमध्ये काही शब्दांत ‘व’ येतो. ‘गम्’ आणि ‘वेनिरे’, म्हणजे येणे, ही अशीच जोडी.

मराठीत लिहायचे तर ‘मांसभक्षी गण’ लिहावे. ‘श्वापद’ मात्र जपून वापरावे, त्याचा शब्दशः अर्थ ‘कुत्र्यासारखे पाय असलेला’. बिबट्याची नखे आत ओढली जातात, कुत्र्याची नाही.

– एक वाचक, पुणे ३०