मनीच्या ताटलीभोवतीची रेघ

पुणे,
श्रावणातला दुसरा रविवार

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोन रोज होतोच, तरी हे मुद्दाम कागदावर लिहिते आहे. पावसात आपल्याकडे रेंज येते-जाते, अर्धं ऐकू जात नाही, आणि उरलेल्या अर्ध्याला तुम्ही मला काळजी नको म्हणून ‘हो हो, केलं’ म्हणता. बाबांना चष्मा शोधावा लागू नये म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. वाचून झालं की फ्रिजच्या दारावर लावून ठेवा.

आधी आईसाठी. आई, मुंग्यांच्या खडूनं आपल्या मनी मांजरीला विषबाधा झाली, त्यात तुझी चूक नाही. परवा तू तिसऱ्यांदा म्हणालीस, ‘माझ्याच हातानं घातलं गं विष.’ मला रात्रभर झोप लागली नाही. तो खडू तू आणलाच नव्हतास. मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुक्या मिरच्या घेताना मी तो घेतला आणि ‘मुंग्यांना बरा आहे’ म्हणून तुझ्या हातात दिला. वेष्टनावरची बारीक अक्षरं मी वाचली नव्हती. घरात मांजर आहे हे मला ठाऊक होतं आणि तरी वाचली नाहीत. म्हणून हे पत्र लिहायचं काम माझंच आहे.

तू मुंगी मारत नाहीस. तुळशीपुढची रांगोळी तू अजून तांदळाच्या पिठाची घालतेस, त्यांच्या तोंडी दोन कण जावेत म्हणून. तुला वाटलं, ही नुसती रेघ आहे, मुंग्या ओलांडणार नाहीत, मरणारही नाहीत. म्हणून तू ती मनीच्या ताटलीभोवती गोल काढलीस. पण अशा खडूत डेल्टामेथ्रिनसारखं कीटकनाशक असतं. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलापासून पूर्वी किडे मारायची पूड करत, त्याच जातीचं हे कारखान्यात बनवलेलं औषध. ते मुंगीच्या मज्जातंतूंवर काम करतं. माणसाचं आणि कुत्र्याचं यकृत ते बऱ्यापैकी निकामी करून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते नीट जमत नाही, त्यासाठी लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे फार कमी असतं. त्यात मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं. पाय रेघेवर आणि मग तोच पाय तोंडात.

ती रात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आधी नुसती लाळ गळत होती, आपल्याला वाटलं पाल खाल्ली असेल. मग कान फडफडायला लागले, आणि मग पाठीवरची कातडी आपोआप लाटेसारखी हलायला लागली. वीज गेलेली. बाबांनी तिला जुन्या पंच्यात गुंडाळून छातीशी धरलं आणि डिचोलीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. डॉक्टरांनी थरथर थांबायचं इंजेक्शन दिलं आणि मग कोमट पाण्यात भांडी घासायचा साबण कालवून तिचे चारही पंजे धुतले. बोटांच्या मधून पांढरट पाणी निघालं, तेव्हा आपल्याला खडू आठवला.

पुन्हा कधी असं दिसलं (देव करो न दिसो) तर दूध-तूप पाजू नका, ओकायला लावू नका. अंगाला काही लागलेलं असेल तर कोमट साबणाच्या पाण्यानं धुवायचं, पुसून गरम फडक्यात धरायचं आणि लगेच दवाखाना गाठायचा. औषधाचं वेष्टन बरोबर न्यायचं. सकाळ व्हायची वाट बघायची नाही, आणि मला फोन नंतर.

आता घरातून काय काय जायला हवं ते. खडू मी टाकला. फवाऱ्याचा डबा न्हाणीच्या फळीवर आहे, तो बंद कपाटात जाऊ दे. कपाटांतल्या डांबरगोळ्याही काढा, त्या कुत्र्या-मांजराच्या पोटात गेल्या तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शेजारच्या वहिनींनी सांगितलेलं कापराचं पाणी आणि लवंगेचं तेलही नको. देवापुढे कापूर लावा, पण फरशीवर शिंपडू नका, ती दोन्ही मांजराला बाधतात. आणि बाबा, आपल्या कुत्र्याच्या, टायगरच्या मानेवर गोचिडींसाठी जे औषध लावता, त्यात परमेथ्रिन, म्हणजे खडूतल्याच जातीचं औषध, असेल तर ते मनीला जीवघेणं आहे. ती रात्री त्याच्याच पोटाला टेकून झोपते. पुढच्या वेळी घेताना ‘घरात मांजर आहे’ एवढं एक वाक्य डॉक्टरांना सांगा, ते दुसरं देतील.

सगळ्यात मोठी काळजी माळ्यावरच्या त्या गंजक्या डब्याची आहे. आजोबांच्या वेळची बीएचसी पावडर, किडे मारायची. माझ्या लहानपणी पडवीच्या कडेनं तिची पांढरी रेघ असायची. तिच्यावर भारतात १९९७ मध्येच बंदी आली. बाबा, तुम्ही मागे म्हणालात, ‘जुनी औषधं जोरदार होती, काढू काय?’ कृपा करून काढू नका. स्टुलावर चढू नका, डबा उघडू नका, विहिरीच्या बाजूला तर पुरूच नका. मी गणपतीच्या चवथीला आले की खाली काढीन आणि असला कचरा कुठे द्यायचा ते पंचायतीत विचारून येईन.

मग मुंग्यांचं काय? त्या येणारच. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे, त्यांची बिळं बुडतात. आपल्या चिऱ्यांच्या भिंती कोरड्या, सांध्यांतून फटी, आत ऊब. अंडी तोंडात धरून त्या वर चढतात. आई, घर स्वच्छ नाही म्हणून त्या येतात असं तू मनात आणू नकोस. तू दिवसातून दोनदा फरशी पुसतेस आणि तरी पाहुण्यांसमोर तुला ओशाळल्यासारखं होतं, ते मला बघवत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी स्वयंपाकघरात तासभर पाट टाकून बसले होते, आठवतं? तू म्हणालीस, काय बघतेस एवढं. मी वाट बघत होते, त्यांची. टायगरच्या ताटात बांगड्याचं डोकं कालवलेला भात होता, त्याच्यापासून मी मागं मागं गेले. रांग ओट्याच्या पायाजवळून वर, मिसळणाच्या डब्यामागून, विजेच्या बटणांच्या पट्टीत शिरली. पट्टीच्या वरच्या फटीतून बाहेर, खिडकीच्या गजावर. आणि गजाला परसातल्या जास्वंदीची एकच डहाळी टेकलेली. त्या डहाळीवर पानांच्या पाठी पिठ्या ढेकूण भरलेला होता, कापसासारखा पांढरा. त्याच्या अंगातून गोड चिकटा झरतो, तो प्यायला मुंग्या तिथे आल्या होत्या. घर त्यांना वाटेत लागलं. समोरून येणारी प्रत्येक मुंगी दुसरीच्या मिशांना मिशा लावत होती आणि मग पुढे जात होती, एकही चुकली नाही.

ती डहाळी मी त्याच दिवशी छाटली आणि दुसऱ्या सकाळी रांग निम्म्यावर आली होती. विष नाही, काही नाही. म्हणून बाबा, दर पंधरा दिवसांनी भिंतीपासून हातभर अंतर ठेवून जास्वंद, पेरू आणि मोगरा छाटायचे. उंच असेल तर नारळ पाडायला येणाऱ्या माणसाला सांगा, त्याचे पैसे मी देते. पिठ्यावर नळाच्या पाण्याचा जोरदार मारा पुरतो.

रांग दिसली की झाडूनं झाडू नका. त्या चालताना जमिनीवर वासाची रेघ सोडतात, मागची मुंगी त्याच वासावर येते. वाटीभर पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घालून फडक्यानं ती सगळी वाट पुसा, फटीपासून थाळीपर्यंत. वास गेला की त्या गोंधळतात. मग फट बुजवायची. पट्टीच्या वरची मी सिमेंटनं भरली आहे, ओट्यामागची दोन राहिली आहेत, पांढरं सिमेंट बाटलीत भरून ठेवलं आहे. आईच्या गुडघ्यांना खाली बसवत नसेल तर ते माझ्यावर सोडा, चार दिवसांनी काही बिघडत नाही.

ताटल्यांचं सोपं आहे. घरात मोठी जुनी परात आहे, तिच्यात बोटभर पाणी आणि मधोमध टायगरचं जड भांडं. मनीचं तसंच, छोट्या ताटात. पूर्वी दुधाच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवत होतीस ना, तेच. पाण्यात साबणाचा थेंब घालू नका, ती दोघं ते पाणी पितील. आणि पाणी रोज बदला. आठवडाभर साठलं तर डेंग्यूचे डास त्याच स्वच्छ पाण्यात होतात. जेवण अर्धा तास ठेवायचं, मग उचलायचं. मनी थोडी रागावेल, चार दिवसांत शिकेल.

एवढं करूनही त्या देवघराजवळच्या बारीक मुंग्या, काळसर डोक्याच्या आणि पारदर्शक पोटाच्या, जाणार नाहीत. त्यांच्या एका वस्तीत राण्या अनेक असतात. गेल्या वर्षी न्हाणीत फवारा मारला आणि आठ दिवसांत एकीच्या दोन रांगा झाल्या, त्या अशाच. त्यांना फवारा म्हणजे बिऱ्हाड वाढवण्याचं निमित्त. त्यांच्यासाठी बोरिक पावडर, कॅरमवर टाकायचो ती. एक पेला कोमट पाणी (२०० मिलिलिटर), त्यात चार चहाचे चमचे साखर आणि फक्त २ ग्रॅम बोरिक, म्हणजे अर्धा चमचा सपाट. जास्त घालायचा मोह होतो, पण मग मुंगी वाटेतच मरते. थोडं असलं की ती ते पोटातून वस्तीत नेते आणि तोंडातून तोंडात राणीपर्यंत पोचवते. आठ-पंधरा दिवस लागतात, आणि पहिले दोन दिवस रांग वाढलेली दिसते. तेव्हा पुसायचं नाही.

पण हे तुम्ही करायचं नाही, मी आल्यावर करीन. आई, तुला मारणं नको वाटतं हे मला कळतं. वाट तोडून भागलं तर हे करायचंच नाही, असं मी ठरवलं आहे. केलंच तर कापूस भिजवून घट्ट झाकणाच्या बाटलीत, झाकणाला मुंगीएवढी भोकं, आणि बाटली देवघराच्या मागे जिथे मनीचा पंजा जात नाही तिथे. बोरिक पोटात गेलं तर कुत्र्या-मांजराला आणि आपल्यालाही बाधतं, आणि दिसतं अगदी पिठीसाखरेसारखं. आपल्या स्वयंपाकघरात ती पुडी एक रात्रही राहता कामा नये.

बाबा, आता हुमल्यांचं, म्हणजे झाडावरच्या त्या तांबड्या मुंग्यांचं. टायगरला आंब्याखाली ते डसले म्हणून तुम्ही बांबूला बोळा बांधून घरटी जाळणार आहात, असं आईनं सांगितलं. जाळू नका. ते साखरेच्या मागे घरात येत नाहीत. पानं ओढून, आपल्याच अळ्यांच्या रेशमानं शिवून घर करणारे ते किडे आहेत, आणि काजूच्या मोहरावर ढेकण्या किडा पडतो ना, त्याला खाणारेही तेच. चीनमध्ये इसवी सन ३०४ च्या सुमाराला लिहिलेलं आहे की शेतकरी हुमल्यांची घरटी बाजारात विकत घेऊन संत्र्यांच्या झाडांवर टांगत. तुम्ही दरवर्षी फेब्रुवारीत काजूच्या भाटात उभं राहून काळ्या पडलेल्या मोहराकडे बघता, मला तो चेहरा ठाऊक आहे. आंब्याची कौलांवर आलेली फांदी तेवढी तोडून घ्या आणि टायगरला दुसऱ्या बाजूला बांधा. दुपारच्या सावलीसाठी फणसाखाली छान जागा आहे.

चवथीला माटोळी, गणपतीच्या वरची फळापानांची मांडवी, बांधायच्या आधी एक करू. नारळांचा घोस, चिबूड, आंबाडे, सुपारीचा घड, सगळं जंगलातून आणि कुळागरातून येतं आणि बरोबर मुंग्या येतात. आदल्या दिवशी सगळं मागच्या अंगणात जमिनीपासून वर दोरीवर टांगून ठेवू, सकाळी झटकू, आणि मग आत. मी दोन दिवस आधीच येते आहे. नेवऱ्यांचे डबे या वेळी पाण्याच्या परातीत ठेवू. आई, सारण तू एकटीनं कुटत बसू नकोस.

येताना मी मनीसाठी जड तळाची चिनी मातीची ताटली आणणार आहे. ती जुनी ॲल्युमिनियमची कितीही धुतली तरी मला बघवत नाही. तुझंही तसंच होत असणार, म्हणून तू तिला हल्ली हातावर भरवतेस, असं बाबा म्हणाले. भरव. पण रात्री दोन-दोनदा उठून ती श्वास घेते का ते बघू नकोस, डॉक्टरांनी तिला पूर्ण बरी म्हटलं आहे.

रात्री नऊला फोन करते. फोन उचलला की आधी मनी कुठे झोपली आहे ते सांग, मग बाकीचं.

तुमची,
बाय