कल्लणैवर माझ्या वडिलांशी बोललेल्या अण्णांना

अण्णा,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण न विचारता ते चारचौघांत लिहिणं बरं नाही, म्हणून नुसतं अण्णा. तंजावरला आमच्या एक स्नेही आहेत. त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि घरात अजून मराठी बोलतात. हे पत्र त्या तुमच्याकडे येऊन वाचून दाखवणार आहेत. तरीही ते इथे सगळ्यांसमोर लिहितेय, कारण तुम्ही जे केलंत ते आमच्याकडच्या माणसांनीही वाचावं असं मला फार वाटतं.

माझे वडील पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होते. नोकरीतली बरीच वर्षं धुळे जिल्ह्यात साक्रीकडे गेली. तिथे पांझरा नदीवर शेकडो वर्षांचे जुने बंधारे आहेत आणि त्यांचं पाणी शेतकरी फड पद्धतीनं, म्हणजे जमिनीचे गट (फड) पाडून, आपापसांत वाटून घेतात. पाटकरी, जागल्या, हवालदार ही सगळी त्यांनीच नेमलेली माणसं. सरकारी नकाशे घेऊन गेलेल्या बाबांनी तिथे बरंच काही नव्यानं शिकून घेतलं, आणि तेव्हापासून जुना बंधारा म्हटलं की ते जेवण अर्धवट टाकून बोलायला लागायचे. त्यात सगळ्यात वरचा मान तमिळनाडूतल्या कल्लणैचा. करिकाल चोळ राजानं साधारण दुसऱ्या शतकात कावेरीच्या वाळूत दगड टाकून बांधलेला, नागमोडी, ३२९ मीटर लांबीचा बंधारा, आणि आजही कामावर असलेला! कावेरीचं पाणी शेजारच्या, खोल आणि जास्त उताराच्या कोळ्ळिडम नदीत निसटून समुद्राला जाऊ नये आणि तंजावरच्या भातशेतीकडे वळावं, एवढंच त्याचं काम. त्या एवढ्याशा कामावर दहा लाख एकरांच्या आसपास जमीन भिजते, हे सांगताना बाबांचा आवाज चढायचा.

निवृत्तीनंतर तिथे जायचंच असं ठरलेलं होतं. मग त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं अडलं. समजतं सगळं. शब्द आत तयार असतो, तो ओठांवर यायला वेळ लागतो, इतकंच.

अण्णा, तेव्हापासून लोक बाबांशी बोलेनासे झाले. वाईट माणसं नाहीत ती. पण बाबा समोर बसलेले असताना सगळं मला विचारतात. ‘यांना सही जमते का?’ ‘काका भात खातात की पोळी?’ बँकेत, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवात, सगळीकडे हेच. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात शेकडो लोकांना पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या, त्याला चहात साखर किती हे कुणी त्याला स्वतःला विचारत नाही.

शेवटी एका कंपनीच्या सहलीतून आम्ही तिकडे निघालो, पण या सहलीतही तेच झालं. पैसे भरताना व्हीलचेअरची काही अडचण नाही म्हणाले होते. कार्यक्रमात कल्लणै छापलेलं होतं. त्रिचीला पोचल्यावर मात्र सहलीबरोबरचा माणूस बाबांच्या पुढ्यात उभा राहून मला म्हणाला, ‘तिथे बघण्यासारखं काही नाही हो. आजोबांना कशाला त्रास? त्यांना हॉटेलवर झोपू द्या.’ त्या वेळात बस साड्यांच्या दुकानापाशी थांबणार होती. बाबांनी मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मी विसरणार नाही आणि त्या कंपनीला त्याबद्दल माफही करणार नाही. मी वेगळी गाडी केली आणि आम्ही निघालो. त्रिचीहून जेमतेम पंधरा किलोमीटर!

तुमचा आडी महिना, म्हणजे जुलै-ऑगस्टचे दिवस होते, दरवाजे उघडलेले होते, पाणी घोंघावत होतं. पण व्हीलचेअरवरून बाबांना पुलाच्या कठड्याशिवाय काही दिसेना. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते ठिकाण, आणि समोर नुसती भिंत. मला रडू येत होतं. तेवढ्यात बाबांनी डाव्या हातानं दरवाजा वर उचलायच्या यंत्राकडे बोट केलं आणि त्यांच्या तोंडून ‘गिअर’ असा शब्द निघाला. तुम्ही तिथेच काम करत होतात. तुम्ही ऐकलंत.

तुम्ही माझ्याकडे आला नाहीत. बाबांसमोर उकिडवे बसलात, तुमचे डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आले, आणि तुम्ही त्यांना विचारलंत, ‘सार, पीडब्ल्यूडी?’

बाबांनी मान हलवली. मग त्यांना काहीतरी विचारायचं होतं. ‘फ’वर ते अडले. आमचा ड्रायव्हर दुभाष्याचं काम करत होता. घाई झालेली, त्यानं दोन-तीन शब्द सुचवून पाहिले. तुम्ही मागे न बघता त्याच्याकडे तळवा उंचावून त्याला थांबवलंत आणि बाबांकडेच बघत राहिलात. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मागून मोटारसायकली हॉर्न देत होत्या. तुमच्या चेहऱ्यावर अवघडलेपण नव्हतं, कीव नव्हती, समोरचा माणूस बोलतो आहे आणि आपण ऐकतो आहोत एवढंच होतं. ‘फाउंडेशन,’ बाबा म्हणाले. स्पष्ट.

तो तळवा, अण्णा. त्यासाठी हे पत्र आहे.

पुढचं सगळं त्यातूनच आलं. तुम्ही आम्हाला जिथून पाणी दिसतं तिथे नेलंत. काठावर बसून ओल्या वाळूवर दगड ठेवलात आणि त्याच्या कडेनं बाटलीतलं पाणी सोडलंत. खालची वाळू वाहून गेली, दगड रुतला. त्यावर दुसरा ठेवलात, तोही रुतला. तिसऱ्यावर मूठ आपटून दाखवलीत: आता हलत नाही. मग चिकणमातीचा गोळा फटीत दाबलात. बाबा लहान मुलासारखे हसले आणि म्हणाले, ‘कॉटन.’ तुम्हीही हसलात, कारण तुम्हाला लगेच कळलं ते कशाबद्दल बोलताहेत.

मलाही कळलं. ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकली आहे. इंग्रज अभियंता आर्थर कॉटन इथल्या पाण्याची व्यवस्था लावायला आला, तेव्हा वाळूत पाया कसा धरायचा हे तो या बंधाऱ्याकडून शिकला, आणि तसं त्यानं मोकळेपणानं लिहूनही ठेवलं. तेच शिकून १८३६च्या सुमारास कावेरीवर वरच्या अंगाला मुक्कोम्बूचा बंधारा झाला आणि पुढे आंध्रात गोदावरीवर धवळेश्वरमचा. आमच्या त्र्यंबकेश्वरहून निघालेल्या गोदावरीवर शेवटी तुमच्या कावेरीची विद्या कामाला आली, हे बाबांचं आवडतं वाक्य. ते तुम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकायला मिळायला हवं होतं. पण त्या एका शब्दात तुम्ही ते ऐकलंत, असं मला वाटतं.

आता पुलावरून दिसतात ते दरवाजे आणि वरचा रस्ता बराच नंतरचा, मूळ दगड खाली पाण्यात, हेही तुम्ही हातांनीच समजावलंत. आज किती क्युसेक सोडलंय, वरच्या मेट्टूर धरणातून किती येतंय, सगळं बाबांना. मी बाजूला उभी होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

माणुसकी म्हटलं की आपल्याकडे रक्तदान, अन्नदान असलं काही डोळ्यांपुढे येतं. ते मोठंच आहे. पण समोरच्याला त्याचं वाक्य स्वतः पूर्ण करू देणं, त्यासाठी कामाच्या वेळेत थांबणं, हेही दानच आहे, आणि ते करायला ना पैसा लागतो ना पद. ज्यांनी आमच्याकडून पैसे घेतले होते त्यांना ते सुचलं नाही. तुमचा आमचा काही संबंध नव्हता, आणि तुम्हाला ते सहज सुचलं.

घरी आल्यापासून बाबा रोज बोलायचा सराव करताहेत. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंना त्यांनी वाळूचा प्रयोग करून दाखवायला लावला, ताटलीत, रांगोळीवर. डाव्या हातानं त्यांनी पांझरेवरच्या एका बंधाऱ्याचं चित्र काढलंय. रेषा थरथरल्या आहेत, पण पाट कुठून फुटतो आणि फड कुठे आहेत ते नीट कळतं. ते या पत्रासोबत पाठवतेय. खाली ‘अण्णांसाठी’ असं त्यांनी स्वतः लिहिलंय.

तुम्ही आमच्याकडे या. पावसाळ्यानंतर आलात तर पाट वाहते असतात. साक्रीला बाबांच्या ओळखीचे पाटकरी अजून आहेत, ते तुम्हाला सगळं फिरून दाखवतील. बाबा बरोबर येणार आहेत. तुम्हाला काय विचारायचं असेल ते त्यांनाच विचारा.

तुमची,
बाबांची मुलगी