गोधडीची घडी

लीड्स, १४ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
शिरसाष्टांग नमस्कार. बाबांनाही सांग.

फोनवर आपलं रोज बोलणं होतं, पण तू विचारतेस जेवलीस का, मी विचारते गोळी घेतलीस का, तेवढ्यात तुझ्या कुकरची शिट्टी होते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र लिहायला बसले. दुपारची कामं उरकली की चश्मा लावून सावकाश वाच.

मागच्या हिवाळ्यात मी बरी नव्हते, आई. तुला म्हणत होते सगळं छान आहे, पण तसं नव्हतं. लागोपाठ रात्रपाळ्या होत्या. सकाळी घरी यायचे तेव्हा अजून पुरतं उजाडलेलं नसायचं, आणि दुपारी पावणेचारलाच परत दिवेलागण. पडदे ओढून पडायचे, पण डोळ्याला डोळा लागायचा नाही. कानात वॉर्डातल्या मशीनचे आवाज वाजत राहायचे. पाठ धरलेली, खांदे कानाशी आलेले. पिल्लूवर उगाच ओरडायचे आणि मग न्हाणीघराचं दार लावून रडायचे. तुला कळलं असतं तर तिकडे तुझी झोप उडाली असती, म्हणून बोलले नाही. आता बरी आहे, म्हणून सांगते.

पाळीवरच्या एका सिस्टरने मला ओढतच योगाच्या वर्गाला नेलं. इथून जवळच्या चर्चचा हॉल आहे, दर रविवारी सकाळी वर्ग असतो. मला वाटलं होतं आपल्या शाळेसारखे बारा सूर्यनमस्कार घालायला लावतील, आणि तेवढं त्राण माझ्यात नव्हतं. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आसपासच्या. गाव कुठलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, सातारा, पुण्याच्या पुढे. त्यांचा चेहरा एकदम फुलला. ‘पुणे! मॉडेल कॉलनी!’ त्या तरुणपणापासून कितीतरी वेळा पुण्याला येऊन राहिल्यात, रमामणी आयंगार मेमोरियल योग इन्स्टिट्यूटमध्ये शिकायला. मी पुण्यात चार वर्षं नर्सिंग केलं, त्या भागातून कितीदा गेले असेन, आणि आत एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आपल्या उंबऱ्याशी असलेलं शिकायला मला सात समुद्र ओलांडावे लागले, याची फार हुरहूर लागली बघ.

त्या दिवशी त्यांनी मला एकही आसन करायला लावलं नाही. जमिनीवर लांब लोड मांडला, आपल्या बैठकीवर असतो तसाच, फक्त जरा चपटा. कण्याच्या बरोबर खाली येईल असा उभा ठेवला आणि त्यावर मला उताणी निजवलं. डोक्याखाली घडी केलेलं घोंगडं, तळपाय एकमेकांना जुळवलेले, गुडघे बाजूला पडलेले आणि त्यांच्याखाली दोन्हीकडे आधार. डोळ्यांवर मऊ पट्टी. सुप्त बद्धकोनासन म्हणतात त्याला. मग म्हणाल्या, ‘आता तू काही करू नकोस, लोडाला करू दे.’ आई, किती महिन्यांनी माझी छाती उघडली असेल. श्वास आपोआप खालपर्यंत गेला. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण रडू नव्हतं ते.

एक गोष्ट तुला आवडेल. घोंगड्याची घडी जरा वेडीवाकडी झाली की बाई ती मोडायला लावतात. कड कडेला, कोपरा कोपऱ्याला. सुरकुती राहिली तर ती मानेला टोचते आणि सगळं लक्ष तिथे जातं, म्हणून. धुतलेल्या चादरीचं एक टोक माझ्या हातात देऊन तू म्हणायचीस ना, ‘नीट धर, कोपरा जुळव’, ते तिथे दर रविवारी आठवतं.

आज पुण्याची ती संस्था काढणाऱ्या योगगुरू बी. के. एस. आयंगार गुरुजींचा जन्मदिवस. १४ डिसेंबर १९१८. म्हणून बाईंनी आज वर्गानंतर त्यांच्याबद्दल बरंच सांगितलं. लहानपणी हा मुलगा सतत आजारी. मलेरिया, टायफॉइड, क्षय, काही म्हणून सुटलं नाही. १९३७ साली, वयाची विशीही गाठली नव्हती, तेव्हा योग शिकवायला म्हणून पुण्याला आले आणि पुण्याचेच झाले. २०१४ साली गेले तेही पुण्यातच, पंचाण्णव वर्षांचे होऊन. १९५२ साली येहुदी मेन्युहिन हे जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक मुंबईत आले होते. दमून गेलेले, वेळ फक्त पाच मिनिटांचा देणार म्हणाले. गुरुजींनी त्यांना काय शिकवलं असेल? शवासनात निजवलं. ते तासभर गाढ झोपले आणि उठल्यावर आपणहून आणखी दोन तास थांबले. पुढे त्यांनीच गुरुजींना युरोपात नेलं. एवढी अवघड आसनं येणारा माणूस समोरच्याचा थकवा आधी बघतो, हे मला फार मोठं वाटतं. रात्रपाळीला पेशंटच्या उशाशी उभी असताना मी आता तेच आधी बघते.

योगसूत्रं सांगणाऱ्या पतंजलींचं सूत्र आहे, ‘स्थिरसुखमासनम्’, म्हणजे आसन स्थिर हवं आणि सुखाचंही. बाई ते त्यांच्या उच्चारात म्हणतात, पण मनापासून म्हणतात. मला स्थिर राहणं जमायचं, तुझीच लेक ना, दात आवळून उभी राहणारी. त्यातलं सुख मात्र शिकावं लागलं.

आता घरी रोज वीस मिनिटं करते. लोड इथे महाग पडतो. मग कपाटाच्या वरच्या कप्प्यातून गोधडी काढली, आजीच्या इरकल्याची आणि तुझ्या दोन जुन्या पातळांची. खराब होईल म्हणून तीन वर्षं पिशवीत बांधून ठेवली होती. लांब गुंडाळली की सुरेख लोड होतो. पाठीखाली धावदोऱ्याचे टाके जाणवतात. पिल्लू शेजारी येऊन पडतं आणि विचारतं, पणजी कुठला रंग नेसायची?

ध्यानाचं अजून कच्चंच आहे. दादा इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आला तेव्हा सांगत होता ना, पहाटे चारला उठणं, दहा दिवस मौन, आणि सुरुवातीला नुसतं नाकपुडीशी येणारा-जाणारा श्वास बघणं. मला पिल्लूला सोडून दहा दिवस शक्य नाही. पण तो श्वास बघणं घेतलंय. खुर्चीवर ताठ बसून दहा मिनिटं. मन सारखं साताऱ्याला पळतं. पळालेलं कळलं की परत आणते, त्याला रागवत नाही. पाळीवर जाण्याआधी हे केलं की रात्र वेगळी जाते, एवढं खरं.

आता तुझं. हे मार्गशीर्षातले गुरुवार तू उपास करून, पहाटेपासून उभी राहून काढतेस. नंतर संक्रांतीच्या गूळपोळ्या. गुडघे सुजलेत हे बाबांनी सांगितलं, तू नाही. तुला उपास सोड म्हणत नाही. फक्त दुपारी जेवणानंतर दोन-अडीच तास गेले की एवढं कर. भिंतीशी लोखंडी खुर्ची लाव, प्लॅस्टिकची सरकते. तिच्यासमोर सतरंजीवर उताणी नीज आणि पोटऱ्या खुर्चीवर टेकव. डोक्याखाली चादरीची घडी, सुरकुती नको. डोळ्यांवर पातळाचा पदर. पंधरा मिनिटं. दार वाजलं तर बाबा बघतील, त्यांना मी वेगळं सांगते. डॉक्टरांनाही एकदा विचारून घे, तुझा बीपी आहे म्हणून.

उठताना घाई करू नकोस. उजव्या कुशीवर वळ, क्षणभर थांब, मग हाताचा रेटा देऊन उठ. बाईंनी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला हुंदकाच आला. आजी रोज सकाळी आपल्याला हेच ओरडून सांगायची.

मे महिन्यात येतेय. गोधडीची एका कोपऱ्याला शिवण उसवलीय, येताना बरोबर आणते. इथे कुणाकडून शिवून घ्यावीशी वाटत नाही, टाका तूच घाल.

तुझी,
ताई