धूर दिसला नाही की पीयूसी पास!

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

घोडबंदर रस्त्यावरच्या अवजड वाहनांचा विषय निघाला की कोंडी, खड्डे आणि बंदीच्या वेळा यांवर बोलून आपण थांबतो. त्यांच्या एक्झॉस्टमधून काय बाहेर पडतं, हे कोणी विचारत नाही. काळा धूर कमी झालाय ना, मग झालं!

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे वाहनांच्या उत्सर्जनाचं नवं मानक लागू झालं. बीएस-४ मध्ये अवजड डिझेल इंजिनाला किलोवॉट-तासाला ३.५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड सोडायची मुभा होती, ती ०.४ वर आली. ही किमया मुख्यतः एससीआर उत्प्रेरकाची, म्हणजे एक्झॉस्टमध्ये बसवलेल्या, नायट्रोजन ऑक्साइड नष्ट करणाऱ्या यंत्रणेची. ३२.५ टक्के युरिया असलेलं शुद्ध द्रावण, म्हणजे डीईएफ, गरम एक्झॉस्टमध्ये फवारलं की त्यातून अमोनिया तयार होतो आणि उत्प्रेरकावर नायट्रोजन ऑक्साइडचं रूपांतर साध्या नायट्रोजनमध्ये आणि पाण्यात होतं. शंभर लिटर डिझेलमागे साधारण पाच लिटर डीईएफ लागतं.

हाच खर्च काहींना खुपतो. मग एम्युलेटर, म्हणजे खोटे सिग्नल देणारं उपकरण, बसतं. टाकी कोरडी असली तरी इंजिनाच्या कॉम्प्युटरला सगळं आलबेल असल्याचा खोटा सिग्नल जातो. इशाऱ्याचा दिवा लागत नाही, पिकअपही पडत नाही. काही महाभाग शेतीचा युरिया पाण्यात कालवून टाकीत ओततात. त्यातल्या अशुद्धींमुळे नोझल तुंबतो, उत्प्रेरक कायमचा निकामी होतो आणि नवा घ्यायला मोठी रक्कम मोजावी लागते. वाचवले ते याहून किती?

आणि अशी गाडी पीयूसीत पकडली जाते का? नाही. डिझेल गाडीचा अॅक्सिलरेटर दाबून आपण फक्त धुराची घनता मोजतो. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाही. काजळी अडवणारा फिल्टर वेगळा असतो, तो शाबूत असला की धूर स्वच्छ आणि प्रमाणपत्र हातात. इकडे न दिसणारा वायू श्वासनलिकेला त्रास देतो, उन्हात त्यापासून ओझोन बनतो.

प्रामाणिक मालकाचीही एक अडचण आहे. एक्झॉस्ट सुमारे २०० अंशांच्या खाली गेला की फवारणी बंद पडते. गायमुखच्या चढाआधी रांगेत तासन् तास रखडलेल्या ट्रकचं तेच होतं. कोंडी सोडवणं हा म्हणूनच प्रदूषणाचाही प्रश्न आहे.

पीयूसीचे नियम केंद्राच्या हातात आहेत, ते बदलायला वेळ लागेल. तोवर आरटीओच्या भरारी पथकांनी घोडबंदरला आणि कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर अवजड गाड्यांना स्कॅनर लावून एससीआर चालू आहे का ते तपासावं, डीईएफची टाकी उघडून पाहावी आणि एम्युलेटर विकणाऱ्या दुकानांवरही कारवाई करावी.

— एक वाचक, कासारवडवली, ठाणे