चेहऱ्यात पाच डोळे

लॉस एंजेलिस,
रविवार, रात्री साडेअकरा

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मागच्या आठवड्यात तुला चित्राचा फोटो पाठवला, त्यावर तुझं एका ओळीत उत्तर आलं, "डोळे फार मोठे झालेत, प्रमाण चुकलंय." ऑफिसात एकटीच हसत बसले. तीस वर्षं चित्रकलेच्या एलिमेंट्री-इंटरमीजिएट परीक्षांना मुलं बसवलेल्या बाईकडून दुसरं काय येणार! फोनवर समजावायला जावं तर तू "बिल येईल" म्हणून दोन मिनिटांत ठेवून देतेस (व्हॉट्सॲपला बिल येत नाही, हे आता विसाव्यांदा सांगते). म्हणून हे पत्र.

ते चित्र मी इथल्या ला लूझ दे हेसूस नावाच्या गॅलरीत पाहिलं. नाव स्पॅनिश, अर्थ 'येशूचा प्रकाश', पण देवाधर्माचं तिथे फारसं काही नाही. हॉलिवूड बुलेवार्डवर एक भलंमोठं दुकान आहे. त्यात खेळणी, मुखवटे, पुस्तकं, सांगाडे असा जत्रेत शोभेल असला माल खच्चून भरलाय. त्यातून वाट काढत आत गेलं की गॅलरी. बिली शायर नावाच्या माणसाने १९८६ साली ती सुरू केली. कॉमिक्स काढणारे, गाड्यांवर ज्वाळा रंगवणारे, ज्यांना मोठ्या गॅलऱ्या दारात उभं करत नव्हत्या, त्यांची चित्रं तो भिंतीवर लावायचा. रॉबर्ट विल्यम्स हा चित्रकार त्याच गोतावळ्यातला. आपल्या चित्रांना त्याने आपणच 'लोब्राउ' म्हणवून घेतलं, म्हणजे हलक्या अभिरुचीची. लोक शिवी देणारच आहेत, तर आपणच ती पाटीवर लिहून मोकळं व्हावं, तसं. पुढे १९९४ मध्ये यांचं जक्स्टापोज नावाचं मासिक निघालं. हळूहळू या चित्रांना 'पॉप सर्रिअलिझम' हे जरा भारदस्त नावही चिकटलं, म्हणजे कॉमिक्स-खेळण्यांच्या दुनियेतली, पण स्वप्नात दिसावीत तशी अजब चित्रं.

तर तुझ्या त्या चित्राविषयी. वहीच्या पानाएवढी लाकडी फळी, तिच्यावर तेलरंग. काढणारी नवखी आहे, नाव सांगून तुला काही कळायचं नाही. एक मुलगी टेबलाशी बसलीय, समोर कोल्हा. कोल्ह्याच्या गळ्यात जेवणाचा रुमाल. मुलीच्या ताटात एक घर आहे, कौलारू, खिडकीत दिवा लागलेला. आणि तिच्या हातात चमचा. फोटोत तुला दिसलं नसेल, पण जवळ गेल्यावर चमच्याच्या पाठीवर कोल्ह्याचं उलटं प्रतिबिंब होतं, तांदळाच्या दाण्याएवढं. रंग इतका पातळ, थरावर थर चढवलेला, की गालाखालून रक्त फिरतंय असं वाटावं. एका ठिकाणी ब्रशचा केस रंगातच चिकटून राहिला होता. तुझ्या वर्गात याबद्दल अर्धा मार्क गेला असता.

आता प्रमाणाचं. तू शिकवायचीस, चेहऱ्याच्या रुंदीत पाच डोळे बसले पाहिजेत. मी गॅलरीत बोट आडवं धरून मोजले, तिथली सुरक्षारक्षक बाई संशयाने बघायला लागली. जेमतेम तीन बसतात! पण हे चुकून झालेलं नाही, आत्या. त्या मुलीचे डोळे चेहऱ्याच्या मध्यावर नाहीत, मध्याच्या बरेच खाली आहेत आणि वर सगळं कपाळ. हे माप तान्ह्या बाळाचं. म्हणजे अंगाने आठ-दहा वर्षांची आणि तोंडाने तान्ही. बघितल्याबरोबर आपला हात तिला उचलायला पुढे जातो, आणि मग ती ज्या नजरेने आपल्याकडे बघते त्यात तान्हेपण औषधालासुद्धा नाही. तो हात मध्येच थबकतो ना, त्यासाठी हे लोक प्रमाण मोडतात.

या सगळ्या मोठ्या डोळ्यांची आजी म्हणजे मार्गारेट कीन ही चित्रकार. तिची गोष्ट तुला सांगायलाच हवी. पन्नास-साठच्या दशकांत तिची मोठ्या डोळ्यांची रडवेली मुलं अमेरिकेत घरोघरी टांगलेली असायची, पण चित्रं आपलीच म्हणून मिरवायचा तिचा नवरा. घटस्फोट झाला, तिने खरं काय ते उघड बोलून दाखवलं, तरी तो हटेना. शेवटी १९८६ मध्ये होनोलुलूच्या कोर्टात न्यायाधीशांनी दोघांपुढे कोरे कॅनव्हास ठेवले, म्हणाले, काढा. नवऱ्याचा नेमका खांदा दुखायला लागला. तिने ५३ मिनिटांत चित्र पुरं केलं. ज्यूरीने ४० लाख डॉलर भरपाई दिली. अपिलात ती रक्कम उडाली, पण बदनामी झाली हा निकाल मात्र टिकला. हे वाचताना मला तुझ्या शाळेचे वार्षिक अंक आठवले. मुखपृष्ठ तू रात्री जागून काढायचीस आणि आत 'सजावट' म्हणून नाव भलत्याचंच छापून यायचं. तुला कोणी कॅनव्हास आणून दिला नाही.

मार्क रायडन हे यातलं सगळ्यांत मोठं नाव. तो तुझ्या घरात १९९१ पासून आहे, हे तुला माहीत नाही! सुनीलदादाची मायकेल जॅक्सनची 'डेंजरस'ची कॅसेट आठवते? वरचं चित्र त्याचंच. नुसते डोळे दिसणारा मायकेल, भोवती सोनेरी सर्कस, डावीकडे सिंहासनावर कुत्रा राजा, उजवीकडे पक्षी राणी. मी आणि दादा ते कव्हर भिंगातून बघायचो, दर वेळी एखादं नवीन जनावर सापडायचं. तोच रायडन पुढे गोऱ्यागोमट्या, परीसारख्या मुलींच्या शेजारी मटणाचे लालभडक तुकडे रंगवायला लागला. तुला किळस येईल, मलाही आली. पण त्याचं म्हणणं असं, की आपण खातो ती वस्तू एकेकाळी जिवंत होती, हे आपण विसरूनच गेलोय. 'रोझीज टी पार्टी' नावाच्या चित्रात भातुकलीच्या टेबलावर एक मुलगी शांतपणे मांस कापत बसलीय. २०१६ मध्ये ते व्हर्जिनियातल्या एका संग्रहालयात लागलं, तेव्हा ख्रिस्ती धर्माची टवाळी केली म्हणून गावात तक्रारी झाल्या. आपल्याकडे काय झालं असतं ते तू जाणतेस.

आम्ही इकडे नवीन होतो तेव्हा, २०१७ मध्ये, कोस्टा मेसाला त्याने नेपथ्य आणि वेशभूषा केलेला बॅले लागला होता, 'व्हिप्ड क्रीम'. संगीत रिचर्ड श्ट्राउसचं, १९२४ सालचं. एक पोरगा क्रीम खाऊन खाऊन आजारी पडतो, दवाखान्यात जातो, तिथे भल्यामोठ्या सुया, आणि शेवटी मिठाईच्या राज्यातली राजकन्या त्याला सोडवते. गोष्ट एवढीच. पण डॉक्टर आणि पाद्री यांची मुंडकी जत्रेतल्या सोंगांएवढी प्रचंड. लहान मुलाला तापात मोठी माणसं तशीच दिसतात, नाही? मला टायफॉइड झाला होता तेव्हा कंपाउंडर तसाच दिसायचा.

खरं सांगायचं तर यातली निम्मी चित्रं मला आवडत नाहीत. डोळे मोठे करा, मांडीवर ससा बसवा, एक अश्रू ओघळू द्या, झालं चित्र! गुळाच्या पाकासारखी बोटाला चिकटतात. पण रे सीझरची पाहिली की गप्प व्हायला होतं. हा माणूस लंडनमध्ये जन्मला, टोरांटोत वाढला आणि १९८० ते १९९६ तिथल्या मुलांच्या इस्पितळात चित्र-छायाचित्र विभागात कामाला होता. शस्त्रक्रियेची मुलं, मारहाण झालेली मुलं, त्यांच्या नोंदी करणं हे त्याचं काम. आता तो संगणकात मुली घडवतो. झालरीचे झगे, पोर्सलीनसारखी कातडी. आणि झग्याच्या खालून हळूच किड्याचे पाय किंवा ऑक्टोपसचे हात बाहेर येतात. आधी भीती वाटते. मग वाटतं, बरं झालं, हिच्याकडे निदान काहीतरी आहे, हिला आता कोणी सहज हात लावणार नाही.

हे सगळं इतकं डोक्यात बसलं त्याचं कारण आमची ओवी. तू तिला व्हिडिओ कॉलवर चिमणी-कावळ्याची गोष्ट सांगितलीस ना, शेणाचं घर, मेणाचं घर, थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब माझ्या बाळाला काजळ घालते. मला ती गोष्ट म्हणजे तुझा आवाज आणि दुपारची झोप, एवढंच आठवत होतं. ओवीने कॉल ठेवल्यावर विचारलं, "पण तो भिजत होता ना? मग काजळ आधी कशाला?" आणि रात्री पुन्हा विचारलं, चुलीपाशी बसल्यावर कावळ्याला किती भाजलं. मला उत्तर सुचलं नाही. पांघरूण घातलं आणि दिवा मालवला. गॅलरीत त्या कोल्ह्याच्या चित्रापुढे उभी होते तेव्हा मला सारखं वाटत होतं, ही मुलगी घराच्या आत आहे की बाहेर?

तर माझं एक काम कर. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मला चिमणीचं दार काढून दे. बाहेर पाऊस आणि कावळा. आत काय चाललंय ते नाही दाखवलंस तरी चालेल. जलरंग चालतील, तुझं ते कॅम्लिनचं जुनं खोकं अजून असेलच. कावळ्याचा डोळा केवढा काढायचा ते तू ठरव. शेजारच्या जोशीकाकू डिसेंबरात मुलाकडे येणार आहेत, त्यांच्या बॅगेत दोन पुठ्ठ्यांच्या मधे घालून दे, मेतकुटाच्या पिशवीखाली ठेवू नकोस. मागच्या वेळी पत्रिकेचं काय झालं आठवतं ना.

गुडघ्याचं तेल लावतेस का? बाबांना सांग, पुढच्या रविवारी फोन करते. आणि खाली कोपऱ्यात सही कर, पूर्ण नावाने.

कळावे, लोभ आहेच.

तुझी,
शुभू